एका खांद्याची गिटार

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला आधी काय सांगेल? जरा वाजवून दाखवा म्हणेल, आवाज वाढवा म्हणेल. आमचे सुदामआप्पा सांगायचे, "ती पेटी बंद करा. मला लाकूड ऐकायचंय." पेटी म्हणजे अॅम्प्लिफायर. दुकानातली मुलं आधी एकमेकांकडे बघायची, मग माझ्याकडे. मी आपला भिंतीवर टांगलेल्या गिटारींची लेबलं वाचत उभा राहायचो. आठवडाभर कंपनीत उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी शिरूरहून एसटीने पुण्याला येऊन दुकानात उभं राहायचं, असा तो हिवाळा गेला.

शिरूरला आमची गायन पार्टी आहे. कुसुमताई गातात आणि पार्टीही त्याच चालवतात. शाळेत शिकवून शिकवून त्यांचा आवाज असा झालाय की मागच्या बाकावरचाही सरळ बसतो. बबन ढोलकीवर, मी कीबोर्डवर आणि आप्पा गिटारवर. जयंती, लग्नं, नव्या घराचे कार्यक्रम, जिथून बोलावणं येईल तिथे टेम्पोत सामान टाकून जायचं आणि भीमगीतं म्हणायची. शिरूरपासून पार दौंडपर्यंत आमची गावं ठरलेली आहेत. आम्ही सगळे पोटासाठी दुसरीकडे राबतो आणि उरलेल्या जिवावर गातो. त्यामुळे आमच्या पार्टीत ताजातवाना माणूस कधी कोणी पाहिलेला नाही.

आप्पा आमच्यात सगळ्यात थोरले. मूळचे कवठे येमाईचे. सारी नोकरी एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये गेली. दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या शेजारी. रिटायर झाल्यावरही स्टेजवर पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पायात कंपनीतले जाडजूड सेफ्टी शूज. ताईंनी एकदा चपला घाला म्हणून सुचवलं, तर म्हणाले, "सूर चुकला तर भागंल, पाय चेंगारला तर कोन बघनार?" बोलणं मोजकं आणि तेही मोठ्याने. आम्हाला वाटायचं, प्रेस शॉपची सवय आहे.

त्यांची जुनी गिटार टेम्पोत आदळून मानेपासून निखळली. आप्पांनी तिला पट्टी ठोकली, स्क्रू मारले, पण एक गाणं होईपर्यंत ती सुरात राहीना. तोवर आसपासच्या पार्ट्यांनी पेनड्राइव्ह लावायला सुरुवात केली होती. सगळी वाद्यं त्यातच भरलेली. समोर फक्त गायचं. बबन म्हणाला की पेनड्राइव्हला चहा लागत नाही आणि टेम्पोत जागाही लागत नाही. सगळे हसले. आप्पाही हसले, जरा उशिराने. ताईंनी मात्र स्पष्ट सांगून टाकलं की लग्नसराईच्या आत गिटारीचं बघा, नाहीतर यंदा ट्रॅकवर भागवावं लागेल. स्टेजवर ताईंच्या डाव्या हाताची जागा आप्पांची होती, आणि ती आता एका गिटारीवर येऊन ठेपली होती.

मग आम्हीच वर्गणी काढून त्यांना एक आणली. निळी, चकचकीत, वरच्या बाजूला दोन शिंगं असलेली. ताईंच्या घरी फोटोसमोर ठेवून, वंदना म्हणून त्यांच्या हातात दिली. आप्पांनी ती मांडीवर घेतली, तिच्यावर झुकले, पुन्हा सरळ झाले आणि म्हणाले, "चांगली हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी गिटार पाठीला लावून माझ्या दारात हजर. "किरण, हिला दोन शिंगं हायत. मला एका खांद्याची पायजे."

हे जरा समजावून सांगायला हवं. गिटारीच्या मानेजवळ खालच्या पट्ट्यांपर्यंत बोटं पोचावीत म्हणून तिचं अंग कापलेलं असतं. दोन्हीकडून कापलं की दोन शिंगं उरतात. एकाच बाजूनं कापलं की दुसऱ्या बाजूला गोल, भरीव खांदा राहतो. तिला सिंगल कट म्हणतात. वाजायला दोन्ही सारख्याच, असं आम्ही धरून चाललो होतो. बबन तर फारच दुखावला. पोरांचे नखरे समजतात, पण या वयात, असं तो चारचौघांत बोलला. ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दुकानदार बदलून देतोय तर घेऊन जा त्यांना, आणि एकदाचं मिटव.

ते एकदाचं मिटलं नाही. सिंगल कटमध्ये मोठ्या नावाच्या गिटारी असतात, त्यांच्याकडे आम्ही लांबूनच पाहिलं. आमच्या बेतातल्या म्हणजे इंडोनेशियात नाहीतर चीनमध्ये बनून आलेल्या. दुकानातला पोरगा सारखं "इंपोर्टेड आहे काका, इंपोर्टेड आहे" म्हणत होता. आप्पा म्हणाले, "मी बी कवठ्यावरनं शिरूरला आलोय. कुनी भाव दिला न्हाई." दुकानदाराने ती निळी ठेवून घेतली आणि आम्हाला सावकाश निवडा म्हणाला. बिचाऱ्याला आप्पांचं सावकाश म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं.

अॅम्प बंद करायचा, गिटार मांडीवर घ्यायची, तिच्या खांद्यावर जबडा टेकायचा, डोळे मिटायचे आणि सगळ्यात जाड तार अंगठ्याने सोडायची. मग ती विरेपर्यंत तसंच बसायचं. एक परत केली, कारण तिची मान स्क्रूंनी जोडलेली होती. "हितं आवाज अडतोय," असं सांध्याला बोट लावून म्हणाले. चिकटवलेल्या मानेची दाखवली तर ती आतून पोकळ निघाली. तिसरीच्या खुंट्या ढिल्या. रंग कोणता, याची त्यांनी एकदाही चौकशी केली नाही. परतीच्या एसटीत वाघोलीच्या गर्दीत आम्ही तासन्‌तास अडकायचो आणि मी खिडकीला डोकं टेकून मनातल्या मनात बबनशी सहमत व्हायचो.

मग एका रविवारी एक तपकिरी, साधी, जराशी जड गिटार हातात आली. आप्पांनी जबडा टेकला आणि डोळे मिटले. तेवढ्यात शेजारच्या दुकानाचं शटर कोणीतरी वरून सोडलं. ते असं धाडकन आदळलं की मी दचकलो आणि काउंटरवरच्या पोराच्या हातातला मोबाइल खाली पडला. आप्पांची पापणीही हलली नाही. ते तारेबरोबर कुठेतरी लांब गेले होते. बऱ्याच वेळाने डोळे उघडून म्हणाले, "ही बोलती."

एसटीत मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांना कळलं की मला कळलंय. "उजवा कान कंपनीतच गेला," ते म्हणाले. "डावा आता चाललाय. कानात मशीन बशिवलं तर स्टेजवर शिट्टी मारतंय. पन जबडा टेकला म्हंजी दातातनं समदं येतं बघ. शिंगाच्या गिटारीला जबडा बसत न्हाई, टोचतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताईला सांगू नको. पेनड्राइव्ह लावत्याल." हे गुपित त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की कंडक्टरनेही मागे वळून पाहिलं. मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्हीसाठी अंगात त्राण नव्हतं.

त्या लग्नसराईत आप्पा आपल्या जागेवर बसले. बिनहाताची प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर ती तपकिरी गिटार, तिच्या खांद्यावर जबडा. लोकांना ती स्टाइल वाटायची. मी गाणं सुरू होताना आणि संपताना मान जरा जास्तच हलवायचो, म्हणजे त्यांना खूण मिळावी. सगळं मी एकटाच सांभाळतोय असा माझा समज होता. ताई हल्ली लोकांकडे तोंड करून न गाता जराशा डावीकडे वळून गातात, आणि बबन समेवर हात उगाचच उंच उचलतो, हे मला दिसत होतं. पण त्याचा अर्थ लावायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

भांडगावला एक लग्न होतं. भरदुपारी मंडपात मंगलविधी उरकले आणि जेवणाच्या पंगतींबरोबर आमचा कार्यक्रम सुरू झाला. आप्पांच्या पायाशी एक मोठा उभा पंखा गरगरत होता. गाणं अगदी रंगात आलेलं असताना लाइट गेली. माइक गेला, माझा कीबोर्ड मुका झाला, बबनने सवयीने हात थांबवला. दिवसाउजेडी लाइट गेलेली डोळ्यांना कळत नाही. आप्पा डोळे मिटून, जबडा टेकून वाजवतच राहिले. अॅम्प बंद, त्यामुळे त्या तारांची कुरकुर पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नव्हती. लोक बघायला लागले. कोपऱ्यातली दोन पोरं फिदीफिदी हसली.

झालं, सगळ्यांना कळलं, आता हे संपलं, असं वाटलं. आणि तेवढ्यात कुसुमताईंनी माइक खाली ठेवला आणि आप्पांची बोटं जिथे होती तिथूनच ओळ उचलली. नुसत्या गळ्याने. बबनने त्यांच्याकडे पाहिलं आणि ढोलकीवर हात टाकला. वाढप्यांनी भांडी खाली ठेवली, पंगतीतल्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. जनरेटर सुरू व्हायला बराच वेळ लागला. तोवर ताई मंडपाच्या शेवटच्या टोकाला ऐकू जाईल असं गात होत्या, आणि त्यांच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. लाइट आली तेव्हा गिटार बरोबर गाण्याच्या जागेवर होती. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघांनाही सगळं माहीत होतं, आणि म्हातारा वाचला होता.

परतीच्या टेम्पोत आप्पा गिटार पोटाशी धरून बसले होते. न्हावऱ्याच्या पुढे आल्यावर म्हणाले, "पुढच्या सालाला मला धरू नका. दमलो." ताईंनी पुष्कळ समजावलं, हातांनी, ओठांनी. आप्पांनी फक्त नकारार्थी मान हलवली. आमची समजूत अशी झाली की पोरांचं हसणं त्यांनी पाहिलं असावं. पुढे ते लेकीकडे दौंडला राहायला गेले. आमच्या पार्टीत आता पेनड्राइव्ह आहे. तो चुकत नाही आणि ताईंकडे बघतही नाही.

परवा मी दौंडला गेलो होतो. आप्पांना आता काहीच ऐकू येत नाही. मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायचं आणि त्यांनी चष्मा लावून वाचायचं, असं आमचं बोलणं. अॅम्प कॉटखाली ढकललेला होता, गिटार मात्र उशाशी. बऱ्याच गप्पा झाल्यावर मी धीर करून लिहिलं, आप्पा, भांडगावला लाइट गेली होती, तुम्हाला कळलं होतं का?

त्यांनी वाचलं आणि मोबाइल परत दिला.

"पंखा थांबला न्हाई का? घाम सुटला तवाच कळलं. डोळं उघडून बघतोय तर ताई माइकबिगर गातीया, शिरा तानून. म्हनलं, ही गातीया तवर मी कसा थांबू?" त्यांनी चष्मा काढून कॉटवर ठेवला. "मग दिसलं, ती माझ्यापायी गातीया. बबन्या बी. आदीच समदी दमल्याली मानसं. आन् मला वढायला अजून किती दमायचं तुमी? म्हनून सोडलं."

मी मोबाइल खिशात ठेवला. आम्ही त्यांना सांभाळत होतो आणि ते आम्हाला, आणि इतके दिवस कोणी कोणाला कळू दिलं नव्हतं. आप्पांनी गिटार ओढून घेतली, खांद्यावर जबडा टेकला आणि मला खुणेने जाड तार दाखवली. त्यांची बोटं आता वळत नाहीत. मी तार सोडली. मला ती जेमतेम ऐकू आली. ते डोळे मिटून, ती पुरती विरेपर्यंत तसेच बसले.

"बोलतीय अजून," आप्पा म्हणाले.