कैलासच्या नावाची डबी

अंबरनाथच्या बुवापाड्यात जाऊन अंजनी शेलार कुठं राहते असं विचारलंत तर दहातले आठ जण डोकं खाजवतील. डबीवाली म्हणा, पोरंसोरंसुद्धा घरापर्यंत आणून सोडतील. हे नाव काही तिनं हौसेनं घेतलेलं नव्हतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेनं तिला कामावर ठेवलं होतं. काम काय, तर पंचेचाळीस ते सत्तर वयाच्या माणसांना हिरव्या झाकणाची बोटाएवढी डबी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी भरून परत आणायची. कशानं भरून, ते काही वेगळं सांगायला नको. झाकणालाच काडी असते, ती शौचाला टोचायची, डबीतल्या पाण्यात बुडवायची, झाकण घट्ट करायचं. डोळ्यांना न दिसणारं रक्तही मशीनला कळतं. रक्त सापडलं तर दुर्बिणीची तपासणी फुकट, आणि रोग वेळेत सापडला तर माणूस वाचतो. एवढं सोपं काम होतं.

सोपं म्हणे! जिथं संडास सगळ्या गल्लीला मिळून एक, सकाळी टमरेल घेऊन लाईन लागते, तिथं माणूस डबी आणि कागद लपवणार कुठं? "काय अंजने, आज कुणाकुणाचा प्रसाद गोळा केलास?" असं बायका नळावर विचारायच्या आणि खिदळायच्या. पुरुष तर तिला बघून रस्ता बदलायचे. महिनाभरात तिच्या पिशवीत आल्या डब्या अकरा, आणि त्यातल्या चार रिकाम्या.

सगळ्यांत मोठी अडचण मालिनीवहिनीची. गल्लीत हळदीकुंकू असो की नळावरचं भांडण, शेवटचा शब्द मालिनीचा. ती नाही म्हणाली की सगळी गल्ली नाही म्हणणार. अंजनी तिसऱ्यांदा तिच्या दारात गेली तेव्हा मालिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुझ्या नवऱ्यानं दिली का डबी? आधी त्याचं तपासणीचं कार्ड आणून दाखव, मग आमच्याकडं माग."

आता हा नवरा म्हणजे कैलास. उल्हासनगरच्या एका फर्निचरवाल्या सिंधी शेठचा टेम्पो चालवायचा. सोफे, कपाटं, पलंग घेऊन पार खरवईच्या नव्या बिल्डिंगांपर्यंत. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण हट्टी किती! दिवसभर सीटवर बसून मूळव्याध झालीय, असं त्याचं स्वतःचंच निदान होतं. सुरणाची भाजी, जिरं घातलेलं ताक, आणि शेठनं सांगितलेल्या कुठल्याशा वैद्याच्या पुड्या, एवढ्यावर त्याचं चाललं होतं. "माझ्या बापालाही होती. ऐंशी वर्षं जगला," असं वर ऐकवायचा.

अंजनीनं आठवडाभर त्याच्यामागं भुणभुण लावली. शेवटी वैतागून तो म्हणाला, "आण बाई, आण ती तुझी डबी. तुझी नोकरी टिकू दे." फॉर्म भरताना सातवा प्रश्न आला, शौचातून रक्त जातं का. हो असेल तर डबी द्यायचीच नाही, सरळ डॉक्टरकडं पाठवायचं, असा नियम होता. कैलास म्हणाला, "आता नाही जात. सुरणानं थांबलं. नाही लिही." तिनं नाही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पेपरात गुंडाळलेली डबी तिच्या हातात दिली, "सांभाळ गं, लाखमोलाचा माल आहे," म्हणून हसला आणि टेम्पोवर गेला. अंजनीनं नावाची चिठ्ठी चिकटवायला पेपर सोडला. डबीच्या तोंडाशी लाल ओघळ होता. आतलं पाणीही लालसर. रक्त बघायला मशीनची गरजच नव्हती.

आधी तिला वाटलं, याला सरळ डॉक्टरकडं न्यावं, हे खरं. पण लगेच दुसरा विचार आला, आणि सगळा घात त्या दुसऱ्या विचारानं केला. मूळव्याधच असणार, दुसरं काय! ही डबी गेली तर कार्डावर लाल शिक्का येणार. मालिनी ते कार्ड गल्लीभर फिरवणार, डबीवालीच्याच घरात कॅन्सर निघाला म्हणणार, आणि मग बुवापाड्यात एकही डबी भरणार नाही. हा हट्टी माणूस दुर्बिणीच्या तपासणीला तर मेला तरी जायचा नाही. आधी गल्लीचं होऊ दे, मग याला गोडीगुलाबीनं डॉक्टरकडं नेऊ. 'मूळव्याध आहे म्हणून रक्त जातं असं स्वतःच ठरवू नका,' हे वाक्य दारोदार सांगून जिचा घसा बसला होता, तिनंच स्वतःच्या घरात स्वतःच ठरवून टाकलं. हिला काय म्हणावं? तिनं त्याची डबी कचऱ्याच्या गाडीत टाकली. पिशवीतून नवी काढली, त्यात स्वतःचं भरलं आणि वर चिठ्ठी लावली, कैलास शेलार, वय एक्कावन्न.

कार्ड आलं. रक्त आढळले नाही.

मग काय विचारता! मालिनीनं कार्ड उलटंसुलटं बघितलं आणि पदर खोचून म्हणाली, "दे गं माझी डबी." तिच्यामागोमाग सगळी गल्ली. दोन महिन्यांत एकशे चाळीस डब्या झाल्या. त्यातून बुधाजी सापडला. साठीचा माणूस, दुखणं ना खुपणं, आणि आतड्यात हा एवढा मांसाचा कोंब. दुर्बिणीतूनच कापून काढला. आणखी वर्षभर राहिला असता तर कॅन्सर झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. बुधाजीच्या बायकोनं भर रस्त्यात अंजनीच्या पायांवर डोकं ठेवलं. अंजनीला त्या दिवशी वाटलं, आपण केलं ते काही अगदीच वाईट नव्हतं.

कैलासनं ते कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून टेम्पोत गणपतीच्या फोटोमागं ठेवलं. शेठला दाखवलं. शेठ म्हणाला, "वाह साईं, तू तो पास हो गया!" झालं, आता त्याला कोण अडवणार? पुढं रक्त वाढलं, पँट कंबरेत सैल झाली. अंजनी म्हणायची, "अहो, एकदा डॉक्टरला दाखवू या ना." तो म्हणायचा, "वेडी का काय तू? तूच तपासलंस ना? रिपोर्ट चांगला आहे. मूळव्याध आहे ती, माझी मी बघून घेतो." खरं सांगायला तिनं दहा वेळा तोंड उघडलं असेल. दहाही वेळा 'भाकरी वाढू का' एवढंच बाहेर आलं. अहो, दिवस असेच जातात. असे चौदा महिने गेले.

मग एक दिवस खरवईत तिसऱ्या मजल्यावर कपाट चढवताना कैलास पोट धरून जिन्यातच बसला. आतडं बंद झालं होतं. ऑपरेशन करून शौचासाठी पोटावर पिशवी लावली. आतड्यात गाठ होती आणि लिव्हरभर पसरली होती. काढण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. फार तर दोन-तीन महिने, असं डॉक्टरांनी सांगितलं.

संशोधनाच्या मुख्य डॉक्टर राजसी मॅडम अंबरनाथ पूर्वेला राहायच्या. त्या स्वतः भेटायला आल्या. अंजनीला बाहेर बाकावर बसवून तिचा हात हातात घेतला. "अंजनीताई, चौदा महिन्यांपूर्वी यांचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. एवढी मोठी गाठ तेव्हा नक्की असणार, तरी टेस्टला कळली नाही. ही टेस्ट कुठं चुकते तेच आपण शोधतोय, म्हणून ही केस फार महत्त्वाची आहे. आम्ही ती अहवालात घेणार. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका हं. तुम्ही तुमचं काम चोख केलंत. टेस्ट चुकली." अंजनी ढसाढसा रडली. मॅडमना वाटलं, मन मोकळं होतंय. त्यांनी तिला पाणी आणून दिलं.

आणि घरी कैलास! येईल त्याला सांगायचा, "माझ्या बायकोनं हट्टानं तपासलं होतं मला. ती जर मागं लागली नसती तर मी काय डबी देणार होतो? मशीन चुकलं, त्याला ती बिचारी काय करणार? माझी केस आता मोठ्या पुस्तकात छापणार आहेत, मॅडम बोलल्या." शिव्या दिल्या असत्या तर तिनं पदरात घेतल्या असत्या. ही माया तिला सोसवत नव्हती. त्याची पिशवी साफ करायची, पेज भरवायची, आणि तो म्हणायचा, "तुझ्या हातचं आहे म्हणून दोन घास जातात."

दुसऱ्या वर्षाच्या डब्या निघाल्या तेव्हा अंजनी नाइलाजानं पिशवी घेऊन फिरली. एकूण एक डबी रिकामी परत आली. चिडून नव्हे, तिची कीव करून. "राहू दे गं, कैलासभाऊंचंही चांगलंच आलं होतं ना? काय झालं पुढं?" बायका हळू आवाजात म्हणायच्या. खुद्द बुधाजीचा भाऊ म्हणाला, आमच्या भावाचं नशीब, बाकी ही टेस्ट म्हणजे फेकाफेकी.

एका दुपारी मालिनीवहिनी कैलाससाठी मुगाचं कढण घेऊन आली. चेहरा पांढराफटक, दोन पायऱ्या चढून धापा टाकत होती. अंजनीनं कामाच्या सवयीनं तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. रक्त नव्हतंच जणू अंगात.

"वहिनी, किती दिवस चाललंय?"

"दोन महिने झाले. जातंय लाल." मालिनी उंबऱ्यातच टेकली. "मूळव्याधच असणार, दुसरं काय!"

"मूळव्याधच, हे तुमचं तुम्हीच कसं ठरवलंत? उद्याच्या उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडं चला."

"कशाला? माझं कार्ड आहे की चांगलं. आणि तुमच्या तपासणीचं काय ते दिसतंच आहे. तुझ्या नवऱ्याला ओळखू आलं नाही त्यांना, मला काय ओळखणार? मरण यायचं तेव्हा येईल."

"वहिनी, तुम्ही समजता तसं नाही."

"मग कसं? सांग ना, कसं?"

तिला हात धरून गल्लीच्या टोकाला नेऊन सांगता आलं असतं. कानात सांगता आलं असतं. पण त्या क्षणाला सुचेल तर ना! इतके महिने अडकून पडलेलं एकदम तोंडातून सुटलं, तेही मोठ्यानं. "टेस्ट चुकली नाही, वहिनी! ती डबी यांची नव्हतीच. यांच्या डबीत रक्त होतं. मी बघितलं ना ह्या डोळ्यांनी! तुम्ही मागं लागला होतात कार्डासाठी. मला वाटलं मूळव्याध आहे. मी ती फेकली आणि माझी भरली."

मालिनीच्या हातातलं कढण उंबऱ्यावर सांडलं. दहा बाय बाराची खोली, मध्ये एक साडीचा पडदा. पडद्यापलीकडं कैलास जागाच होता.

मालिनी कधी निघून गेली ते अंजनीला कळलं नाही. ती पडद्याआड गेली. कैलास पत्र्याकडं बघत होता. मग तो म्हणाला, "लाल होतं?"

"हो."

"माझी डबी कुठं टाकलीस?"

"कचऱ्याच्या गाडीत."

त्यानं मान हलवली, शेठनं पत्ता सांगितल्यावर हलवायचा तशी, आणि तोंड भिंतीकडं केलं.

त्यानंतर तो एकोणीस दिवस जगला. या एकोणीस दिवसांत तो अंजनीशी एक शब्द बोलला नाही. भांडला नाही, रडला नाही, कुणाला काही सांगितलंही नाही. फक्त तिच्या हातची पेज तोंडात घेईना. ओठ मिटून घ्यायचा. खरवईला दिलेली त्यांची मुलगी श्रद्धा येऊन राहिली, तिच्या हातून खायचा. आपल्या आईला काय झालंय ते त्या पोरीला कळेना, आणि सांगायची सोय नव्हती. शेवटच्या दिवशी अंजनीनं त्याचे पाय धरले. "अहो, एकदा तरी शिव्या द्या मला." त्यानं पाय हळूच आखडून घेतले.

राजसी मॅडमना तिनं स्वतः जाऊन सांगितलं होतं. मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता तुमच्या हातून आलेली एकही डबी धरता येणार नाही." एकशे चाळीसच्या एकशे चाळीस डब्या संशोधनातून बाद झाल्या, बुधाजीचीसुद्धा. नोकरी गेलीच. ती राहावी असं तिलाही वाटत नव्हतं.

मालिनी मात्र त्या दुपारनंतर घाबरली होती. नवऱ्याला घेऊन हॉस्पिटलात गेली, रक्त चढवून घेतलं, दुर्बिणीची तपासणी केली. निदान ही तरी वाचू दे, असं अंजनी देवाला रोज म्हणत होती. एवढं सगळं उधळून दिलं, त्यातून एक जीव वाचला तर आपल्याला तोंड दाखवायला जागा राहील, एवढाच तिचा हिशेब.

कैलासच्या तेराव्याला सगळे जेवून गेले आणि मालिनी भांडी आवरायला मागं राहिली. चेहऱ्यावर रंग आला होता. पदराच्या गाठीतून तिनं घडी केलेला कागद काढला.

"रिपोर्ट आला गं. आतडं अगदी स्वच्छ आहे म्हणाले. नुसती मूळव्याध निघाली." मग कढईला राख लावत तिनं विचारलं, "सुरण खाल्लेला चालतो ना मूळव्याधीला?"