हमीदाआपांचं इंग्रजी

शारजातल्या रोल्ला बाजारामागच्या दोन खोल्यांच्या घरात हमीदाआपा दर रविवारी सकाळी आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. आम्ही म्हणजे प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियन, बहुतेक कोकणातले. आपा रत्नागिरीकडच्या मराठी शाळेतून निवृत्त होऊन इथं मुलाकडे आलेल्या. व्याकरणाचं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही. "यल्ला, म्हणजे चला, म्हटलं की वर्तमान, खलास म्हटलं की भूत, इन्शाल्ला म्हटलं की भविष्य," एवढं सांगून त्या एकेकाला उभं करत. कुणी चुकलं तरी ओरडत नसत. नुसतं चष्म्यावरून बघत, आणि माणूस मुकाट्यानं क्रियापद बदले.

मी अल मजाज भागातल्या एका टॉवरमध्ये प्लंबर होतो. एकदा बाराव्या मजल्यावरून तक्रार आली. पोचलो तर स्वयंपाकघरातला पाइप फुटून घरभर पाणी. वॉल्व्ह बंद केला आणि मोठ्या हौसेनं रिपोर्ट स्वतःच इंग्रजीत लिहिला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं बोलावून विचारलं, पाइपला नेमकं काय केलंस? माझं बोलणं त्याला पटेना. नोकरी जाते की काय, या धास्तीनं संध्याकाळी कागद घेऊन आपांकडे गेलो.

वाचून त्या हसायलाच लागल्या. "व्हेन आय रीच्ड, द पाइप बर्स्ट. म्हणजे तू दारात पाऊल टाकलंस आणि पाइप फुटला. अरे, तो आधीच फुटला होता ना? मग 'हॅड' कुठंय? फुटला आणि फुटला होता, यात तुझी नोकरी आहे बाबा."

मी 'हॅड ऑलरेडी बर्स्ट' असं लिहून दिलं. सुपरवायझरनं तक्रारीची वेळ ताडून पाहिली आणि प्रकरण मिटलं.

मग मला शिंगं फुटली. काही महिन्यांनी माझ्याच हातून पाना निसटून एका घरातलं बेसिन तडकलं. मी 'द बेसिन वॉज ब्रोकन' असं लिहून ऐटीत आपांना दाखवलं. वाक्य बरोबर आहे, त्या म्हणाल्या. मग विचारलं, कोणी फोडलं? मी, म्हटलं.

"चोर सापडला नाही की पॅसिव्ह वापरायचा," आपा म्हणाल्या. "चोरानं स्वतः वापरायचा नसतो."

मी कागद फाडला आणि 'आय ब्रोक द बेसिन' असं लिहिलं. सुपरवायझरनं ते दोनदा वाचलं. "या इमारतीत सगळं आपोआप फुटतं असंच मी इतकी वर्षं वाचत आलो," असं म्हणून तो हसला. बोलणी खाल्ली, पण त्या दिवसापासून सगळ्यांचे रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं.

गेल्या वर्षी आपा कायमच्या रत्नागिरीला परतल्या. विमानतळावर बॅगा पोचवताना मी म्हणालो, "आपा, मला तुम्ही घडवलंत."

"कर्ता चुकला," त्या म्हणाल्या. "घडलास तू."