पाचवा विषय

ऑफिसात सगळे त्यांना सूत्रधार म्हणत. पंप बनवणाऱ्या कंपनीच्या चौदा शाखा, चौदा तऱ्हेची माणसं, आणि दर सोमवारी दहा वाजता या सगळ्यांना एका कॉलवर आणून चाळीस मिनिटांत मोकळं करायचं, हे त्यांचं काम. वाटतं तितकं सोपं नाही ते. एक मॅनेजर नमनालाच घडाभर तेल घालायचा, दुसरा गाडी चालवत बोलायचा, आणि तिसऱ्याच्या घरचा कुत्रा मालकापेक्षा मुद्द्याचं बोलायचा.

सूत्रधारांनी या सगळ्यांना वळण लावलं होतं. विषयांची यादी शनिवारीच जायची, प्रत्येक विषयापुढे बोलणाऱ्याचं नाव आणि मिनिटं. विचारताना नाव आधी, प्रश्न नंतर. म्हणजे डुलकी लागलेला माणूस प्रश्न येईपर्यंत जागा होतो. चाळीसाव्या मिनिटाला कॉल बंद, मग साहेबांचं वाक्य अर्धं का राहीना. "राहिलं ते पुढच्या वेळी," एवढं म्हणून ते बटण दाबत.

घरी मात्र त्यांच्याशी बोलायला कोणी नव्हतं. दोन धाकटे भाऊ आणि बहीण यांना मार्गी लावता लावता स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि तिघंही आपापल्या संसारात तीन दिशांना पांगले. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण परवा डॉक्टरांनी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं आणि म्हणाले, घरचं एक माणूस आठ दिवस सोबत हवं. कोण येईल, या प्रश्नाला सूत्रधारांनी "कळवतो" असं उत्तर दिलं.

तुम्ही-आम्ही सरळ एकाला फोन लावून "ये रे" म्हटलं असतं. सूत्रधारांनी रविवारी अकराला भावंडांचा कॉल ठेवला. एकट्याने एकाकडे काही मागायची त्यांना सवय नव्हती, आणि समोरून नकार आला तर काय, ही धास्तीही होतीच. यादी शनिवारी गेली. पुतण्याचं कॉलेज, भाचीच्या लग्नाची तारीख, सुट्टीत सगळ्यांनी कुठे भेटायचं, आईच्या कपाटाचं काय करायचं. पाचवा, 'इतर विषय', पाच मिनिटं. हा त्यांचा. वाढणाऱ्याने आधी आपलंच पान वाढून घेऊ नये, असं त्यांना वाटे.

कॉल इतका रंगला की सांगता सोय नाही. कपाटावरून भाऊ आधी भांडले, मग बहिणीने त्या कपाटात लपून बसल्याची गोष्ट काढली आणि तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चौथ्या विषयाची वेळ कधीच उलटून गेली होती. ऑफिसात त्यांनी केव्हाच टोकलं असतं. पण हे हसणं किती वर्षांनी कानावर पडत होतं, त्यांना तोडवेना. ते नुसते ऐकत राहिले. घड्याळात चाळीस मिनिटं झाली आणि हाताने सवयीचं काम केलं. "राहिलं ते पुढच्या वेळी," म्हणून त्यांनी बटण दाबलं.

तिन्ही चेहरे गेले. काय राहिलं, ते त्यांना तेव्हा आठवलं.

पुन्हा जोडता आलं असतं. त्यांनी फोन हातात घेतलाही. तेवढ्यात बहिणीचाच मेसेज आला, "दादा, पाचवा विषय काय होता रे?" सूत्रधारांनी चार ओळी लिहिल्या, पुसल्या, आणि "विशेष काही नाही" असं कळवलं. तिचं लगेच उत्तर आलं, "तू आहेस म्हणून आम्ही सगळे एकत्र येतो, दादा." तो मेसेज त्यांनी तीनदा वाचला. बरं वाटलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी, ऑफिसचा कॉल वेळेवर संपवून, त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला आणि आठ दिवसांसाठी पगारी माणूस मिळेल का, असं विचारलं. पलीकडच्या मुलीने नाव लिहून घेतलं आणि सहज विचारलं, घरचं कोणी नाही का?

"आहेत ना," ते म्हणाले. "तिघं आहेत."