चिंचेनं घासलेलं पदक

दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवायचे आणि म्हणायचं, "चालतंय की." आमटीत मीठ नसलं तरी तेच, नळाला पाणी आलं नाही तरी तेच. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल बघा. आमच्या कुळगावातल्या गल्लीत ते सुभेदार होते. मूळचे साताऱ्याकडचे. लढाईत पदक मिळवलेलं, पण लढाईचं कधी बोलले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, थंडी फार होती.

एकदा त्यांच्या बायकोनं, कमलनं, उल्हासनगरहून त्यांना बूट आणले. घरी बघते तर एक आठ नंबरचा, एक नऊ. ती परत द्यायला निघाली, तर हे आठ नंबरात पाय कोंबत म्हणाले, चालतंय की. वर्षभर वापरले.

सकाळी कमल डबे भरायची आणि हे दोन्ही मुलींच्या वेण्या घालायचे. इतक्या घट्ट की पोरींच्या भुवया वर चढायच्या. शाळेत त्यांना फौजी वेण्या म्हणत.

खंडेनवमीला घरात शस्त्र नाही, म्हणून कमल पूजेला विळी, कोयता आणि ते पदक मांडायची. आदल्या दिवशी देवाच्या भांड्यांबरोबर पदकही चिंच-राखेनं खसाखसा घासायची. वर्षानुवर्षं. लख्ख करून त्यांच्या हातात द्यायची. ते उजेडात धरून बघायचे नि मान डोलवायचे.

एका सव्वीस जानेवारीला शाळेनं त्यांना झेंड्याला बोलावलं, ते छातीवर पदक लावून गेले. शेजारीण म्हणून मीही गेले होते. हेडमास्तर पदकाची कड निरखायला लागले, म्हणाले, इथं जवानाचं नाव कोरलेलं असतं ना? सुभेदारांनी पदक मुठीत घेतलं. परतताना मी विचारलं, तेव्हा त्यांनी कड दाखवली. नाव घासून घासून गेलेलं. साफ गुळगुळीत.

"तिला बोलू नका वहिनी. नवऱ्याचं नाव स्वतःच्या हातानं पुसलं, असं मनाला लावून घेईल. फार मायेनं घासती ती."

मी नाही बोलले. कमल गेली, पण शेवटपर्यंत तिला ते कळलं नाही. त्या वर्षी थोरली मुलगी अंबरनाथहून आली, नवमीची भांडी काढली, पदकही चिंचेत घालायला घेतलं. सुभेदार पहिल्यांदाच "चालतंय की" म्हणाले नाहीत.

"ते राहू दे," म्हणाले.

मग ते काळंच पडत गेलं.

सुभेदार गेले त्या सकाळी मी काही रडले नाही. भिंतीला टेकून बसले होते, पंखा बघत. त्यांच्यासारखेच दोन-तीन निवृत्त फौजी आले. एकानं पदक त्यांच्या छातीवर ठेवण्याआधी रुमालानं पुसलं, कड फिरवून फिरवून बघितली.

"मावशी, याच्यावर नावच दिसत नाही."

मुली माझ्याकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, "चालतंय की."