खाटेजवळचं बटण

मधुकर सर गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने, निखिलने केला, तेव्हा मी ऑफिसात एका अडकलेल्या प्रोग्रामशी झटत होते. फोन ठेवला आणि सवयीने मनात आलं, हे सरांना विचारायला हवं... मग भानावर आले.

वीस वर्षांपूर्वी मला सी भाषा त्यांनीच शिकवली. माझा पहिला प्रोग्राम क्षणाक्षणाला 'आलं का, आलं का' विचारून मशीनचा जीव काढत होता. सर म्हणाले, "अगं, झोपू दे त्याला. काही आलं की उठवतील." त्यांनी 'पोल' नावाची सूचना दाखवली. ज्यांची वाट बघायची त्यांची यादी द्यायची आणि निवांत झोपायचं. यादीतल्या कुणीही हाक मारली की जाग येते.

सरांच्या निवृत्तीनंतर भुईगावच्या घरी ही विद्या त्यांच्या पत्नीच्या, काकूंच्या कामी आली. काकूंना ऐकू येणं जवळपास बंद झालं होतं, बोलणं त्या ओठांवरून ओळखत. सरांनी तळहाताएवढ्या कॉम्प्युटर बोर्डावर प्रोग्राम चढवला आणि स्वयंपाकघरात दिवे लावले. फाटकाची बेल वाजली की हिरवा, पंपाने टाकी भरली की निळा, निखिलचा व्हिडिओ कॉल आला की पिवळा. पहिल्या दिवशी मात्र प्रोग्राम बेलचीच वाट बघत अडून बसला. दुपारभर कोणी फिरकलं नाही आणि टाकी वाहून अळूच्या वाफ्यात तळं झालं. एकाच दारात बसून राहू नये हे मला कोणी शिकवलं, असं मी फोनवर चिडवलं, तर हसता हसता त्यांना ठसका लागला. संध्याकाळपर्यंत तिघांची एक यादी झाली. आजारपणात त्यांनी तीत चौथा, लाल दिवा जोडला. खाटेजवळचं बटण दाबलं की तो लागायचा आणि काकू यायच्या.

सर गेल्यावर तीन आठवड्यांनी निखिलने मला तिकडे पाठवलं. लाल दिवा आपोआप लागत होता आणि दर वेळी काकू हातातलं टाकून त्या खोलीकडे धावत होत्या. असं एकटीने राहणं पुरे, पुण्याला चल, असा त्याचा धोशा होता. त्याचंही चूक नव्हतं. पण काकूंना घर सोडायचं नव्हतं.

बटणाची वायर सुटत आली होती. दिवाच काढून टाकू, यादीत चारचे तीन करू, असं मी सुचवलं. काकूंनी ते बटण हातात घेतलं.

"वायर नीट कर गो. पन त्यांना यादीतून काढू नको."

मला माझीच लाज वाटली. नवी वायर जोडली आणि तपासायच्या नादात, काकूंना न सांगताच बटण दाबलं.

"आले हां," आतून आवाज आला. काकू पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनी रिकाम्या खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या पुढे आल्या आणि ग्लास माझ्या हातात दिला.

"घे, तू पी पानी."

खाटेच्या कडेला बसून मी ते सगळं प्यायले. मग निखिलला फोन लावला. म्हटलं, चारही दिवे नीट आहेत, आईला इथेच राहू दे.