कसबेसर आणि एक खोटे कडवे

श्री. विल्यम कसबे यांच्याशी माझी ओळख भांडणानेच व्हायची, पण ते थोडक्यात टळले. बदली होऊन मी अमरावतीहून दिल्लीला आले होते आणि सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होते. माझी खात्याची परीक्षा तोंडावर आली होती, आणि खाली शनिवारची अख्खी दुपार एकच ओळ घोळवली जात होती. आधी एका आवाजात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मी तावातावाने जिना उतरले. दार उघडणाऱ्या गृहस्थांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "तिघांपैकी कुणाचं जास्त ऐकवेना?"

"माणसांचं काही नाही, ओळच वाईट आहे," मी म्हणाले.

त्यांनी मला आत बोलावून चहा दिला. ती ओळ त्यांचीच होती, हे मला दोन महिन्यांनी कळले.

तेव्हापासून मी सरांच्या बँडमध्ये गाते. बँड म्हटले की लोक वरातीचे दर विचारतात, पण सरांना दुसरा कोणताही शब्द पसंत नाही. सर मूळ नगरचे. हार्मोनियम चर्चमध्ये शिकले. तेव्हा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला होते, पुढे तिथूनच सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. यास्मिनताई शाळेत शिकवतात आणि ढोलकी वाजवतात. नितीन दिल्लीतच वाढलेला, गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरीला, हातात गिटार. आम्ही चौघे फक्त आम्हीच रचलेली गाणी गातो. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहात कार्यक्रम ठरला की आयोजक हमखास म्हणत, "सर, एखादं तरी ओळखीचं होऊ द्या ना."

"बिल्कुल," सर म्हणत. "हेच तीनदा ऐका, ओळखीचं होईल."

गाण्यात नितीनला न कळणारा मराठी शब्द आला तर यास्मिनताई तो काढायला निघत. सर काढू देत नसत. एकदा 'ओसरी' आली. "म्हणजे बाल्कनी ना, सर?" नितीनने विचारले. सरांनी कागद घेऊन त्याला घराचा नकाशा काढून दाखवला आणि म्हणाले, "आता ही ओळ तूच गायची." आज कार्यक्रमात ती ओळ नितीनच गातो, आणि फार गोड गातो.

सरांच्या घरचा एक रिवाज आहे. नवे कडवे प्रत्येकाने एकट्याने, वाद्यांशिवाय गाऊन दाखवायचे आणि ज्याने लिहिले त्याने सगळ्यांत शेवटी. जिथे आवाज अडखळेल तिथे काहीतरी खोट आहे असे समजायचे. मला हा रिवाज जरा भाबडा वाटे. तो माझ्यावरच उलटेपर्यंत वाटे.

माझे वडील अमरावतीला वारले. त्यानंतर वर्षभराने मी त्यांच्यावर गाणे लिहिले. शेवटच्या कडव्यात लेक दुरून घरी पोचते आणि

दार उघडता बाबा हसले,
म्हणाले, "आलीस का?"

यास्मिनताईंनी गायले आणि डोळे पुसले. नितीनने गायले आणि म्हणाला, "यार, हे पक्कं." सरांनी गायले. शेवटी माझी पाळी आली. 'बाबा हसले' पर्यंत गेले आणि पुढचा शब्द निघेना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. वडिलांच्या आठवणीने कंठ दाटला असे सगळ्यांना वाटले, आणि मीही तसेच वाटू दिले.  नंतर स्वयंपाकघरात मी कप विसळत होते, तिथे येऊन सरांनी हळूच विचारले, "मीनल, बाबा हसले होते का?"

माझा पारा चढला. "सर, हे गाणं आहे. पोलिसांना दिलेला जबाब नाही."

"अच्छा," एवढेच म्हणून ते कप पुसू लागले.

पुढचे तीन शनिवार मी खाली गेले नाही. कार्यक्रम जवळ आला होता, तरी सरांनी एक फोनसुद्धा केला नाही. चौथ्या शनिवारी तेच जिना चढून आले. गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. गाण्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. बाबा काय खायचे, कशावरून चिडायचे, मला सायकल कुणी शिकवली, असे विचारत बसले. बोलता बोलता मी सांगून टाकले की बाबा आजारी असताना ऑफिसच्या कामासाठी मी दोनदा रजा पुढे ढकलली. पोचले तेव्हा ते सकाळीच गेलेले होते.

"हे आणखी कुणाला सांगितलंस?" सरांनी विचारले.

"नाही."

 सरांनी मला शहाणपण शिकवले नाही, 'तुझी काय चूक' असेही म्हणाले नाहीत. त्या दुपारी माझ्या घरात मी पहिल्यांदा मोठ्याने रडले आणि ते खुर्चीवरून हलले नाहीत. जाताना म्हणाले, "कार्यक्रमात हे गाणं नसलं तरी चालेल. तू असलीस म्हणजे झालं."

दोन दिवसांनी मी कडवे बदलले.

दार उघडे, घरभर माणसे,
कुणी न पुसले, "आलीस का?"

ते गाताना माझा आवाज थरथरला, पण अडला नाही. कार्यक्रमात मी ते पूर्ण गायले. आमच्या सगळ्या गाण्यांत लोक आजही तेच मागतात. रचनाकार म्हणून चौघांची नावे लावायची, हा सरांचा शिरस्ता. या एका गाण्यावर मात्र त्यांनी स्वतःचे नाव लावू दिले नाही. मी पुष्कळ वाद घातला. बाकी सगळ्या बाबतींत ऐकून घेणारा हा माणूस इतका हट्टी असेल असे वाटले नव्हते.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले आहेत. मुलीकडे गुरुग्रामला अठराव्या मजल्यावर राहतात आणि आमची शनिवारची बैठक तिथे भरते. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या अंकासाठी लेख देताना मी संपादकांना एकच अट घातली. नुसता छापून चालणार नाही, समारंभात सर समोर बसलेले असताना तो मला वाचू द्यावा. बाबांवरचे गाणे मी लिहिले तेव्हा ते ऐकायला बाबा नव्हते.

सर, तुमचे गुडघे तुम्हाला साथ देवोत, आणि तुमचा आवाज आणि तुमचा हट्ट पुढची पुष्कळ वर्षे असेच खणखणीत राहोत. बाबांवर होता तितकाच माझा तुमच्यावर जीव आहे. हे या वेळी मी वेळेवर सांगते आहे.