अनिपा आपाच्या दारचा आशर

एर्मेक महापौर झाला आणि आठवड्याच्या आत त्यानं तेरेक-सुवच्या लोकांना सभेला बोलावून भिंतीवर शहराचा नकाशा टांगला. गडी तरुण, डोक्यात योजनांचा नुसता बाजार भरलेला! चौकात रंगीत कारंजं, मंडईत दिवे, बसथांब्यांना छपरं. लोक टाळ्या पिटतायत तोवर त्यानं हळूच पुढचं सांगून टाकलं, की गिरणी गल्लीचा कोरडा पाट बुजवून तिथं गाड्या उभ्या करायची सोय करणार.

झालं! तंदूरवर नान भाजणारी अनिपा आपा ताडकन उठली. पाटाकाठची जर्दाळूची झाडं तिच्या नवऱ्याच्या हातची. तो गेला, मग पाणीही गेलं, आणि आता झाडं शेंड्याकडून वाळत चालली होती.

"एर्मेक बाळम, बुजवतोस कशाला? पाणी सोड की!"

"आपा, पाट गाळानं गच्च भरलाय. उपसायला यंत्र कुठून आणू?"

"यंत्र नसलं म्हणून काय, माणसं मेलीत का?"

सभा खदखदून हसली. एर्मेकही हसला. "बरं! शनिवारी गल्लीनं गाळ काढला, तर त्याच दिवशी पाण्याचं वरचं फाटक उघडतो. नाही निघाला, तर सोमवारी मुरूम पडेल. कबूल?"

"कबूल!" आपा म्हणाली, आणि घरी येताना तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

घोळ घातला तो कचेरीनं. गल्लीच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत पाटी लावली, 'शनिवारी सुब्बोत्निक'. आता हा शब्द कानावर पडला की आमच्याकडच्या माणसाची कंबर आपोआप धरते. जुन्या राजवटीत शनिवारी हातात झाडू देऊन उभं करायचे, साहेब फोटो काढून घेऊन घरी जायचे, आणि झाडत आम्ही! पाटी वाचली मात्र, गल्लीत आजाराची साथच आली. कुणाला उसण, कुणाच्या मेव्हणीचं लग्न. झानिबेक सुतार तर आपाला बघून लंगडायलाच लागला.

"काल नाचत होतास की रे!"

"त्यानंच तर दुखावला, आपा."

"लाज नाही वाटत? तुझं छप्पर चढवायला अख्खी गल्ली आली होती!"

"तो आशर होता, आपा, शेजाऱ्याच्या कामाला शेजाऱ्यांनी लावलेला हात! शेजाऱ्यानं आशरला बोलावलं आणि गेलो नाही, तर बायको घरात घेईल का?"

आपानं झानिबेककडे टक लावून पाहिलं, आणि एकदम त्याचा गालगुच्चा घेतला. "मग शनिवारी माझ्याकडे आशर आहे. खोरं घेऊन ये!" तशीच ती दारोदार फिरली. काम काय ते कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

शनिवारी उजाडता उजाडता आपाच्या दारात चुलाण पेटलं, पलावची कढई चढली, गाजर आणि मटणाचा वास गल्लीभर. खोरी-कुदळी खांद्यावर टाकून माणसं हजर!

"कुठली भिंत पाडायची, आपा?"

"भिंत नाही. पाट!"

खोरी खांद्यांवरून खाली आली. मग सर्वांत म्हातारे सादिर आके दाढी कुरवाळत म्हणाले, "अगं, फसवलंस की आम्हाला!"

"फसवलं कुठं? पाट माझ्या दारातूनच जातो ना? आता हा वास घेऊन कोण माघारी फिरतो, त्यानं तोंड दाखवावं!"

हशा पिकला आणि पहिलं खोरं पडलं झानिबेकचं. पाय कधी बरा झाला, कुणास ठाऊक! एर्मेक आला तो चकचकीत बूट घालून, मागं फोटोवाला. सादिर आकेंनी त्याच्या हातात खोरं कोंबलं. "फोटो मागाहून, बाळम. आधी पलाव खाण्यापुरता घाम गाळ."

महापौरांनी बूट काढले, विजार वर खोचली आणि गाळात उतरले. बायका वरून ओरडत होत्या, "अरे, अजून खोल! मत मागताना कसा वाकला होतास!"

उन्हं कलली तसं वरचं फाटक उघडलं. आधी नुसता खळखळाट, मग पालापाचोळा ढकलत गढूळ पाण्याची जीभ वळणावरून आत आली. "आलं! आलं!" अनिपा आपा अनवाणीच पाटात उतरली, आणि जर्दाळूच्या आळ्यांकडे खोऱ्यानं वाट फोडत सुटली.

काठावर वरच्या गल्लीचे लोक जमले होते. "एर्मेक, कारंजं राहू दे! आमचा पाट कधी?"

चिखलानं माखलेला महापौर कढईतला पलाव चापत म्हणाला, "तारीख मला काय विचारता? तुमच्याकडे कढई कोण चढवतंय, ते बोला!"

आणि चार बायका एकाच वेळी म्हणाल्या, "मी!"